जनरल टॉम थंबचं जुनं कार्ड हाती आलं तर: ओळखायचं, तपासायचं आणि जपायचं कसं

अमेरिकेत राहून जुन्या वस्तूंच्या बाजारात भटकायची खोड असेल, तर हे कार्ड कधी ना कधी तुमच्या समोर येणारच. पत्त्याच्या पानाहून किंचित लांब असा पुठ्ठा, त्यावर तपकिरी पडलेला फोटो आणि फोटोत लग्नाच्या पोशाखातलं एक जोडपं. दोघांचीही उंची लहान मुलांइतकी, चेहरे मात्र मोठ्या माणसांचे. विकणारा छातीठोकपणे सांगतो, "जनरल टॉम थंब, ओरिजिनल ब्रेडी, १८६३." (ब्रेडी म्हणजे मॅथ्यू ब्रेडी, त्या काळचा न्यूयॉर्कचा छायाचित्रकार.) भारतात बसून ऑनलाइन लिलाव पाहणाऱ्यांनाही हेच वाक्य वाचायला मिळतं.

या वाक्यात बहुतेक वेळा थोडं खरं असतं आणि थोडं ठोकून दिलेलं असतं. कोणतं काय, ते घरबसल्या बऱ्यापैकी ओळखता येतं. गोंधळ होतो तो मुख्यतः एका कारणाने. अशा कार्डावर एक तारीख नसते, चार असतात: कॅमेऱ्यासमोर बैठक कधी झाली, फोटो विक्रीला कधी आला, तुमच्या हातातली प्रत कधी छापली आणि मागचं हस्ताक्षर कधीचं. नवखा माणूस या चारही तारखा एकाच सालात कोंबतो आणि विकणाऱ्याच्या ते पथ्यावरच पडतं. खालच्या पायऱ्या या चार तारखा सुट्या करण्यासाठीच आहेत.

आधी, फोटोतली माणसं

चार्ल्स शेरवुड स्ट्रॅटनचा जन्म ४ जानेवारी १८३८ रोजी कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्टमध्ये झाला. तो चार वर्षांचा असताना, १८४२ मध्ये, पी. टी. बार्नम या खेळ-तमाशे भरवणाऱ्याने त्याला न्यूयॉर्कच्या आपल्या अमेरिकन म्युझियममध्ये आणलं, 'जनरल टॉम थंब' असं नाव दिलं आणि जाहिरातीत वय ठोकून दिलं अकरा. प्राणी, चमत्कारिक वस्तू, नाटकं आणि माणसांची प्रदर्शनं, सगळं तिथे एका छताखाली चालायचं. १८४४ मध्ये पोराने राणी व्हिक्टोरियासमोर खेळ केला. गाणं, नाच, नकला, हजरजबाबीपणा. नेपोलियनची त्याची नक्कल विशेष गाजली. उंचीमुळे लोक एकदा तिकीट काढतील, चाळीस वर्षं काढणार नाहीत. म्हणून त्याची ओळख 'बार्नमचा बुटका' एवढ्यावर आटोपणारे लेख मला पटत नाहीत.

१० फेब्रुवारी १८६३ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रेस चर्चमध्ये त्याने लव्हिनिया वॉरनशी लग्न केलं. ती मॅसॅच्युसेट्समधल्या मिडलबरोची, रंगमंचावर येण्याआधी शाळेत शिकवायची. यादवी युद्ध ऐन भरात असताना हे लग्न वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर झळकलं आणि तीन दिवसांनी लिंकन दांपत्याने नवरा-नवरीचं व्हाइट हाउसमध्ये स्वागत केलं. बाजारात फिरणारी बहुतेक कार्डं या लग्नाभोवतीची आहेत.

जवळ काय हवं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग (सोनाराकडे असतं तसलं चालतं)
- मिलिमीटरची पट्टी
- अतिनील किरणांचा छोटा टॉर्च. नोटा तपासायचा स्वस्त टॉर्चही पुरतो
- मऊ पेन्सिल आणि वही. कार्डाच्या आसपास पेन नको
- सपाट काचेचा स्कॅनर
- कागदपत्रांत: खरेदीची पावती, विक्रेत्याने लिहिलेलं वर्णन (ऑनलाइन असेल तर त्याची प्रत, कारण विक्रीनंतर ते पान गायब होतं) आणि आधीच्या मालकाने सांगितलेली माहिती. कार्ड आल्बमसकट मिळालं असेल तर ते बाहेर काढण्याआधी त्या पानाचा फोटो घ्या. शेजारी कोणाची कार्डं होती हासुद्धा पुरावाच.

१. कार्ड उलटं करा

पुढची बाजू मोहात पाडते, माहिती मागच्या बाजूला असते. तिथे छापलेला मजकूर अक्षरशः उतरवून घ्या: नाव, घरक्रमांक, रस्ता, शहर.

लग्नाच्या खऱ्या कार्डांवर साधारणपणे दोन नावं दिसतात. एक प्रकाशकाचं: ई. अँड एच. टी. अँथनी, ५०१ ब्रॉडवे, न्यूयॉर्क. दुसरं 'ब्रेडीज नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी', म्हणजे ज्या स्टुडिओची मूळ निगेटिव्ह तो. मॅथ्यू ब्रेडीच्या स्टुडिओत काचेची निगेटिव्ह तयार व्हायची, अँथनी त्यावरून शेकड्यांनी प्रती छापून देशभर विकायचे. त्यामुळे 'ओरिजिनल ब्रेडी' या दाव्याचा अर्थ जपून घ्या. त्या काळात ब्रेडीची नजर अधू झाली होती आणि बहुतेक काम त्याचे ऑपरेटर करत. बटण ब्रेडीने दाबलं का, हा प्रश्न इथे गैरलागू आहे (बटण नव्हतंच म्हणा, भिंगावरचं झाकण काढून परत लावायचं). 'ब्रेडी स्टुडिओ, प्रकाशक अँथनी' एवढं लिहिलं की पुरे.

पत्ता तारखेसाठी उपयोगी पडतो. १८६० पासून ब्रेडीचा न्यूयॉर्कमधला स्टुडिओ ब्रॉडवे आणि दहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर होता. ग्रेस चर्चही त्याच चौकातलं. लग्न आणि फोटो यांत हाकेचं अंतर होतं हे कळलं, की 'चर्चमध्ये टिपलेला दुर्मिळ क्षण' अशा वर्णनाला किती भाव द्यायचा ते तुमचं तुम्हीच ठरवाल. फोटो स्टुडिओतले आहेत, काही तर लग्नविधीचा आव आणून उभं करून काढलेले.

मागे लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी या इंग्लिश प्रकाशकाचं नाव दिसलं तर कार्ड इंग्लंडात विकलेलं. मंडळी लग्नानंतर युरोपच्या दौऱ्यावर गेली होती, तेव्हा यात संशयास्पद काही नाही. मागे काहीच छापलेलं नसेल तर मात्र थांबा. लोकप्रिय कार्डांच्या चोरट्या नकला त्याच काळात सर्रास निघत आणि नक्कल करणारा स्वतःचं नाव कशाला छापेल? असं कार्ड जुनं असू शकतं, पण मूळ निगेटिव्हवरचं नसण्याची शक्यता मोठी.

२. मोजा

ही पायरी दोन मिनिटांची. पुठ्ठा साधारण ६४ × १०० मिलिमीटर आणि त्यावरचा फोटो साधारण ५४ × ८९ असेल, तर तो 'कार्त द व्हिझित' (म्हणजे भेटकार्डाच्या आकाराचा फोटो) प्रकार. पॅरिसच्या दिझदेरी या छायाचित्रकाराने १८५४ मध्ये याचं पेटंट घेतलं. पुठ्ठा १०८ × १६५ च्या आसपास असेल तर ते कॅबिनेट कार्ड, आणि ते १८६६ नंतर आलं. म्हणजे कॅबिनेट आकारातलं 'लग्नाचं मूळ कार्ड' कोणी दाखवलं, तर ते कार्ड तरी नंतरचं किंवा गोष्ट तरी बनावट.

आणखी एक. टॉम थंबचं लहानपणचं, चार-पाच वर्षांच्या वयाचं चित्र कार्त आकारात मिळालं, तर ते जुन्या डॅगेरोटाइपवरून किंवा कोरीव चित्रावरून केलेली नक्कल असणार. १८४४ मध्ये कागदी कार्डं नव्हती. डॅगेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, आरशासारखा चकाकणारा, प्रत्येक एकमेव. वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत (हे संग्रहालय; ब्रेडीच्या त्याच नावाच्या स्टुडिओशी गल्लत नको) बार्नम आणि टॉम थंबचा एकत्र डॅगेरोटाइप आहे, सुमारे १८५० चा. तो एकदा नीट पाहा. धातूवरच्या आणि कागदावरच्या फोटोतला फरक डोळ्यांत बसतो.

३. भिंगाखाली कागद पाहा

इथे घाई करू नका. बनावट कार्डांपैकी निम्मी इथेच गळतात.

१८६०च्या दशकातली कार्डं अल्ब्युमेन कागदावर छापली जात. पातळ कागदाला मीठ घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा थर द्यायचा, तो वाळला की सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणावर तरंगवायचा, पुन्हा वाळवायचा, काचेच्या निगेटिव्हला चिकटवून उन्हात ठेवायचा. उन्हानेच चित्र उमटायचं. मग सोन्याच्या क्षाराने रंग गडद करायचा आणि हायपोने चित्र पक्कं करायचं. कागद इतका पातळ की सुटा ठेवला तर गुंडाळला जातो, म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवलेला. ही रीत लक्षात ठेवली की भिंगातून काय शोधायचं ते आपोआप कळतं:

कागदाचे तंतू फोटोतूनही दिसतात. पृष्ठभागाला हलकी चमक असते आणि तिरक्या उजेडात बारीक भेगांचं जाळं दिसतं. गडद भाग तपकिरी-जांभळट. उजळ भाग, म्हणजे नवरीचा पोशाख, पिवळट पडलेला. करडा-काळा, अगदी ताजा दिसणारा फोटो बघून खूश होऊ नका.

ठिपके दिसले, एका मापाचे आणि ओळीत, तर ती छपाई आहे. पुस्तकातून किंवा पोस्टकार्डावरून घेतलेली. खऱ्या अल्ब्युमेनमध्ये काळ्याकडून पांढऱ्याकडे जाताना ठिपका येत नाही. इंकजेट प्रिंटरच्या नकलेत रंगीत शिंतोडे दिसतात, तपकिरी रंग निळा-गुलाबी-पिवळ्यातून बनवलेला असतो.

त्यानंतर अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारा. १९५०च्या दशकापासून कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं घातली जातात, ती निळसर पांढरी चमकतात. १८६३ चा कागद असा पेटत नाही. पण उलट निष्कर्ष काढू नका: न चमकणारं ते सगळं जुनं, असं नाही. जुन्या कोऱ्या पुठ्ठ्यावर नवा फोटो चिकटवणारेही आहेत, म्हणून टॉर्च फोटोवर आणि पुठ्ठ्यावर वेगवेगळा मारा, कडांवर विशेष.

नक्कल जुनी असेल तर ती रसायनांनी पकडता येत नाही, डोळ्यांनीच पकडावी लागते. फोटोवरून काढलेल्या फोटोत चेहऱ्यावरचे बारकावे वाहून गेलेले असतात, काळं अधिक काळं आणि पांढरं अधिक पांढरं होतं, नवरीच्या पोशाखावरची लेस नुसता पांढरा डाग होते. कधी मूळ कार्डाची कडसुद्धा आत सापडते.

गालांवर गुलाबी आणि दागिन्यांवर सोनेरी रंग दिसला तर घाबरू नका. हाताने रंगवायची तेव्हा पद्धतच होती.

४. चार तारखा चार रकान्यांत लिहा

वहीत खरंच चार रकाने आखा.

*बैठक.* लग्नाच्या पोशाखातले फोटो लग्नाच्या सुमाराचे, म्हणजे १८६३ च्या सुरुवातीचे. इतर फोटोंसाठी स्ट्रॅटनचा चेहरा पाहा. लग्नाच्या फोटोंत दाढीमिशी नाही. पुढच्या वर्षांत मिशा येतात, नंतर दाढी, अंगही भरत जातं.

*प्रकाशन.* काही कार्डांच्या पुढच्या बाजूला, फोटोखाली, बारीक अक्षरांत नोंदणीची ओळ असते: काँग्रेसच्या कायद्यानुसार अमुक साली, न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयाच्या कचेरीत नोंद. ते साल नोंदणीचं. तुमची प्रत त्याच साली छापली असं ते सांगत नाही. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे.

*ही प्रत.* हे ठरवायला कार्ड स्वतःच मदत करतं. १८६०च्या दशकातला पुठ्ठा पातळ आणि कोपरे काटकोनी. गोल कोपरे साधारण १८७० नंतर रूढ झाले. कडेला दोन बारीक सोनेरी रेघा हीसुद्धा १८६०च्या दशकाची खूण. जाड पुठ्ठा, तिरक्या कापलेल्या सोनेरी कडा, गडद रंग म्हणजे नंतरचा काळ. (कोपरे आल्बममध्ये घालताना कात्रीने कापलेलेही असतात. कापलेला कोपरा आणि कारखान्यात गोल केलेला कोपरा भिंगाखाली वेगळा दिसतो.)

आणि नशीब असेल तर मागे तिकीट सापडतं. युद्धाच्या खर्चासाठी अमेरिकी सरकारने फोटोंवर कर बसवला होता: १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६. त्या काळात विकल्या गेलेल्या फोटोमागे महसूल तिकीट लावून, विक्रेत्याने त्यावर आद्याक्षरं आणि तारीख लिहून ते रद्द करायचं असे. पंचवीस सेंटपर्यंतच्या फोटोला दोन सेंटचं तिकीट. आता हिशेब करा: लग्न फेब्रुवारी १८६३ चं, कार्डामागे तिकीट. म्हणजे ही प्रत लग्नानंतर निदान दीड वर्षाने विकली गेली. विक्रेता मात्र हेच तिकीट दाखवून '१८६३ चं पक्कं' म्हणत असतो! तिकीट खरं की नंतर चिकटवलेलं, हेही पाहा: खुणेची शाई तिकिटावरून पुठ्ठ्यावर ओघळली आहे का, तिकिटाभोवतीच्या पुठ्ठ्याचा रंग खालच्यापेक्षा वेगळा पडला आहे का.

*हस्ताक्षर.* 'आजीने दिलेलं, १८६३' अशा धाटणीच्या नोंदी बहुधा आल्बमच्या पुढच्या पिढीतल्या मालकांच्या. उतरवून घ्या, पण पुरावा म्हणून शेवटी ठेवा.

५. हा टॉम थंबच आहे ना?

कमी उंचीचा आणि रुबाबदार पोशाखातला माणूस दिसला की 'टॉम थंब' लिहून किंमत वाढवायची, हा जुना धंदा आहे. गोंधळ मुख्यतः तिघांशी होतो.

पहिला कमोडोर नट. खरं नाव जॉर्ज वॉशिंग्टन मॉरिसन नट, स्ट्रॅटनहून दहा वर्षांनी लहान. बार्नमने १८६२ मध्ये त्याला आणलं तेव्हा खुद्द प्रेक्षकांनाच वाटलं की हा टॉम थंबच, नवं नाव घेऊन आलाय. शंका मिटवायला बार्नमने दोघांना एकत्र उभं केलं (आणि त्याचंही तिकीट लावलं, अर्थात). नट अनेकदा आरमारी गणवेशात असतो. लग्नात तो वराचा सोबती होता, त्यामुळे चौघांच्या फोटोत दोन्ही पुरुष असतात. नवरा कोण ते लव्हिनियाच्या शेजारी पाहून ठरवा.

दुसरी मिनी वॉरन, लव्हिनियाची धाकटी बहीण आणि लग्नातली करवली. एकटीचा फोटो असेल तर तिला सर्रास लव्हिनिया ठरवलं जातं.

तिसरा काउंट प्रिमो माग्री. स्ट्रॅटन १५ जुलै १८८३ रोजी वारला, लव्हिनियाने १८८५ मध्ये माग्रीशी लग्न केलं. कॅबिनेट कार्डावर वयस्क लव्हिनिया आणि शेजारी कमी उंचीचा पुरुष दिसला, तर तो पहिला नवरा की दुसरा, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. अशा उशिराच्या कार्डांवर न्यूयॉर्कच्या २२९, बॉवरी या पत्त्याचा चार्ल्स आयझेनमन दिसू शकतो; खेळ करणाऱ्या मंडळींचे फोटो हा त्याचा हातखंडा.

आणि ते बाळ. नवरा, बायको आणि मांडीवर तान्हं मूल अशी कार्डं खूप विकली गेली. त्या जोडप्याला मूल नव्हतं. बाळ उसनं आणलेलं असायचं आणि मोठं झालं की बदललं जायचं. लव्हिनियाने स्वतः १९०१ मध्ये हे सांगून टाकलं. कार्ड खरं, कागद खरा, स्टुडिओ खरा, फक्त कुटुंब खोटं. माझ्या मते या सगळ्या कार्डांत हेच सगळ्यात बोलकं आहे. त्याला 'बनावट' म्हणून बाजूला टाकू नका. वर्णनात मात्र 'त्यांच्या मुलासह' असं लिहू नका.

६. चित्र वाचा

कागद तपासून झाला, आता फोटोकडे बघा. काचेवरच्या ओल्या कोलोडियनला (निगेटिव्हसाठी काचेवर दिलेला, प्रकाशाने बदलणारा थर) काही सेकंद प्रकाश लागायचा, म्हणून स्टुडिओ वरच्या मजल्यावर, छताला काच. माणूस हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार. त्याचा पाया कधी बुटांमागे डोकावतो. कोलोडियनला निळं लख्ख दिसतं, लाल जवळजवळ दिसतच नाही. म्हणून फोटोतला काळा पोशाख काळाच असेल असं नाही, आणि फिकट निळा पांढरा दिसू शकतो. पोशाखाच्या रंगावरून कोणी प्रसंग ठरवू लागलं तर हे सांगा.

उंचीचा खेळही पाहा. चौघंही कमी उंचीचे असले की फोटोत मोजमापच उरत नाही. शेजारी नेहमीच्या आकाराची खुर्ची किंवा एखादा मोठा माणूस असेल तरच फरक कळतो. लग्नाच्या वेळी दोघंही तीन फुटांच्या आतले होते. खुर्ची मुद्दाम लहान घेतली की माणूस मोठा वाटतो, टेबलावर उभं केलं की लहान. कोणत्या कार्डात काय केलंय ते पाहिलं, की ते काय विकायला छापलं होतं तेही समजतं. बार्नमने लिहून ठेवलंय की लग्नाआधीच्या दिवसांत लव्हिनियाची कार्डं दिवसाला तीनशे डॉलरहून जास्त रकमेची खपत. बार्नमचे आकडे आहेत, त्यात मीठमसाला धरूनच चाला.

७. संग्रहांतल्या प्रतींशी ताडून पाहा

ब्रेडी स्टुडिओच्या पाच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत. फ्रेडरिक हिल मेझर्व्ह या संग्राहकाने जमवलेल्या, गॅलरीने १९८१ मध्ये घेतलेल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे ब्रेडी-हँडी संग्रह आहे. ब्रिजपोर्टचं बार्नम म्युझियम स्ट्रॅटनच्या गावचंच. या सगळ्यांच्या संकेतस्थळांवर शोध फुकट आहे.

शोधताना 'टॉम थंब' एवढंच टाकून थांबू नका. 'चार्ल्स स्ट्रॅटन', 'लव्हिनिया वॉरन', 'मिस्टर अँड मिसेस जनरल टॉम थंब', 'फेअरी वेडिंग' (या लग्नाचं गाजलेलं टोपणनाव), सगळं टाकून पाहा. जुळवताना चेहऱ्याकडे शेवटी बघा. आधी गालिच्याची नक्षी, खुर्चीचे पाय, कपड्याच्या चुण्या आणि बोटांची ठेवण. अगदी तंतोतंत जुळलं तर एकच निगेटिव्ह. थोडंसंच वेगळं असेल, म्हणजे डोकं जरा वळलेलं, हात जरा खाली, तरी निराश होऊ नका. अनेक भिंगांच्या कॅमेऱ्यात एकाच काचेवर ओळीने अनेक फोटो घेतले जायचे, त्यामुळे सख्ख्या भावंडांसारख्या प्रती सापडणं स्वाभाविक आहे. चित्र उलट्या बाजूने, म्हणजे आरशातल्यासारखं जुळलं, तर मात्र नक्कल समजा.

८. सही

स्ट्रॅटन दांपत्याने कार्डांमागे पुष्कळ सह्या केल्या, म्हणून खरी सही मिळणं शक्य आहे. छापील सह्याही होत्या. भिंगाखाली पेनाची सही जाड-बारीक होते, वळणावर शाई साचते, दाब दिला तिथे पुठ्ठ्याला खोबण पडते. छापील सही सगळीकडे सारखी सपाट. जुनी शाई बहुधा काळ्याची तपकिरी झालेली असते. सहीसाठी वेगळे पैसे मागत असतील तर आधी दुसऱ्या जाणकाराचं मत घ्या. तोवर कार्डाची किंमत सहीशिवायच्या कार्डाची समजा. आणि ही कार्डं दुर्मिळ नाहीत हे विसरू नका. हजारोंनी छापलेली आहेत, आज नाही घेतलं तर पुढच्या महिन्यात दुसरं दिसेल.

९. स्कॅन आणि जपणूक

दोन्ही बाजू स्कॅन करा, ६०० ते १२०० डीपीआय, टिफ (TIFF) फाइलमध्ये, कडांसकट. कार्ड वाकलेलं असेल तर झाकणाने दाबून सरळ करायला जाऊ नका, फोटोला भेग जाते. फोटो पुठ्ठ्यापासून सोडवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा नाही, फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावायची नाही.

ठेवायला पॉलिएस्टरची पारदर्शक पिशवी, तीही छायाचित्रांसाठीची चाचणी उत्तीर्ण असलेली. पीव्हीसीची स्वस्त पाकिटं आणि चिकट पानांचे आल्बम दोन्ही घातक. अमेरिकेत बेसमेंट आणि पोटमाळा टाळा. मुंबई-कोकणात खरा शत्रू पावसाळा: बुरशी आणि कसर. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल, आणि जेल वेळच्या वेळी वाळवायचं. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको. भिंतीवर लावायचंच असेल तर स्कॅनची छापील प्रत लावा; अल्ब्युमेनला उजेड सोसत नाही.

भारतातल्या कुठल्या जुन्या आल्बममध्ये असं कार्ड निघालं तर लगेच 'अशक्य' म्हणू नका. १८६९ ते १८७२ या काळात ही मंडळी जगप्रवासाला निघाली होती, त्यात जपान, ऑस्ट्रेलिया आणि हिंदुस्थानही होता. वरच्या सगळ्या पायऱ्या तशाच लावा.

१०. लेखात किंवा पुस्तकात वापरायचं असेल तर

फोटो इतका जुना की मूळ हक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, प्रश्न उरत नाही. अमेरिकेत ९५ वर्षांपूर्वीचं प्रकाशित काम मुक्त असतं, भारतात फोटोला छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचं संरक्षण (२०१२ च्या दुरुस्तीआधी ते प्रकाशनानंतर ६० वर्षं होतं). (फोटोला लेखकासारखा हक्क असतो हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४ मध्ये ठरवलं, तेही अशाच एका स्टुडिओ फोटोवरून: नेपोलियन सरोनी या छायाचित्रकाराने काढलेला लेखक ऑस्कर वाइल्डचा फोटो.) तुमच्या स्वतःच्या कार्डाचा स्कॅन बिनदिक्कत छापा. संग्रहालयाची प्रतिमा घेत असाल तर त्या पानावरच्या अटी वाचा. स्मिथसोनियनने २०२० पासून लाखो प्रतिमा पूर्ण मोकळ्या केल्या आहेत, पण प्रत्येक प्रतिमेला ती खूण आहे का ते पाहावं लागतं.

चित्राखाली लिहायचं ते असं:

"चार्ल्स स्ट्रॅटन (जनरल टॉम थंब) आणि लव्हिनिया वॉरन. ब्रेडी स्टुडिओ, न्यूयॉर्क; प्रकाशक ई. अँड एच. टी. अँथनी. बैठक सुमारे फेब्रुवारी १८६३. ही प्रत १८६४–६६ मध्ये विकलेली, मागे महसूल तिकीट. अल्ब्युमेन, कार्त द व्हिझित. खासगी संग्रह."

कार्ड भारतात आणायचा विचार असेल तर परतीचाही विचार आधीच करा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंधनं आहेत आणि कस्टमवाल्याला तुमचं कार्ड ब्रिजपोर्टचं की भायखळ्याचं ते बघून कळणार नाही. आणताना खरेदीची पावती आणि दोन्ही बाजूंचे स्कॅन सोबत ठेवा, आणि परत न्यायचं असेल तर तिकीट काढण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कचेरीत चौकशी करा.